बारावं प्रकरण

१

वायरताईचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. कॉम्प्युटर बंद पडू दे, प्रिंटर अडू दे, पडदा काळा होऊ दे, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी वायर बदलून बघू." दहातल्या सात वेळा रोग तिथेच सापडायचा. उरलेल्या तीन वेळा ती डबा उघडायची. वीस वर्षं हेच केल्यावर नाव पडलं ते पडलं. गिऱ्हाईक फारच घाबरलं असेल तर ती म्हणायची, "यंत्रात भूत नसतं हो, धूळ असते."

ग्रंथपालांचा फोन आला तो सोमवारी. आयुष्यभर वाचनालयात हळू बोलायची सवय, त्यामुळे निवृत्तीनंतरही फोनवर त्यांचं बोलणं कानात प्राण आणून ऐकावं लागे.

"कॉम्प्युटर झोपला की हार्ड डिस्क गायब होते," ते म्हणाले. "उठवला की पुन्हा दिसते. पण मधे कॉपी तुटते. तीन दिवस झाले, तेच चाललंय."

"बाहेरून जोडायची डिस्क आहे ना काका? येते मी."

तिसऱ्या मजल्यावरचं घर. एकट्या माणसाच्या घरात असते तशी टापटीप, म्हणजे सगळं जागच्या जागी आणि कशालाच हात लागलेला नाही. कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. तिथे पाय ठेवताच वायरताईला कानात कापूस घातल्यासारखं झालं. चारही भिंतींवर छतापर्यंत रजया ठोकल्या होत्या. खिडकीवर दोन. मधे टेबल, टेबलावर माईक, माईकसमोर मऊ गादीची खुर्ची, आणि दाराजवळ एक साधं स्टूल.

"ही इथे वाचायची," ग्रंथपाल म्हणाले. "अंध मुलांच्या शाळेसाठी. रोज दुपारी जेवण झालं की. मी त्या स्टुलावर. माझं काम एकच, आवाज होऊ द्यायचा नाही. खालच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकायला लागलं की मी पळत जायचो."

बाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागे तीनशे बारा पुस्तकं ठेवून गेल्या, सगळी त्या काळ्या डिस्कवर, आपल्या आवाजात. शाळेने नवी डिस्क पाठवली होती आणि या डिस्कवरून त्या डिस्कवर सगळं उतरवायचं होतं. काम तासन्‌तास चालायचं. ग्रंथपाल ते लावून जेवायला जात, थोडे आडवे होत. तेवढ्यात कॉम्प्युटरही आडवा व्हायचा.

"त्याचं काय आहे काका, झोपताना हा वीज वाचवायला पोर्टची वीज तोडतो. डिस्कला वाटतं घराला कुलूप लागलं. मग हा उठला तरी दोघांची ओळख पटायला वेळ लागतो. नवराबायकोसारखंच."

ग्रंथपाल हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे, जरा अडखळत.

तिने वायर बदलली. पोर्ट बदललं. झोपायची सेटिंग 'कधीही नाही'वर नेली, वीज वाचवायची खूण काढली. अर्धा तास बसून पाहिलं. डिस्कचा निळा दिवा शांत जळत होता. ती निघाली तेव्हा ग्रंथपालांनी दारात विचारलं, "म्हणजे आता हा झोपणारच नाही?"

"तुम्ही झोपा खुशाल. हा जागा राहील."

२

शुक्रवारी पुन्हा फोन. "बिघाड नाही," ग्रंथपाल म्हणाले, "पण एक फाइल जास्त दिसतेय. तुम्ही येऊन बघाल का?"

तीनशे अकरा पुस्तकं पूर्ण होती. तीनशे बारावं अर्धं. एका टपालमास्तराची जाडजूड कादंबरी, सोळा प्रकरणांची. बाईंना फुप्फुसाचा आजार जडला तेव्हा अकरावं प्रकरण चालू होतं. ते त्यांनी धापा टाकत, चार दिवसांत तुकड्यातुकड्यांनी संपवलं आणि त्यानंतर या खोलीत त्या आल्या नाहीत.

पडद्यावर फोल्डर उघडा होता. एकापासून अकरापर्यंत फाइली, प्रत्येकीवर दीड-दोन वर्षांपूर्वीची तारीख. त्यांच्याखाली बारावी. तिच्यावर तारीख गेल्या शनिवारची.

"ऐका," ग्रंथपाल म्हणाले.

स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. स्वच्छ, भरदार, किंचित खालच्या पट्टीतला. टपालमास्तर सायकल ढकलत चढ चढत होते. ग्रंथपालांनी छापील पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. शब्द न्‌ शब्द तोच.

"आवाज बघा किती मोकळा आहे. आजारपणाआधीचा."

"मग आधीच वाचून ठेवलं असेल त्यांनी. कोपऱ्यात पडून राहिली असेल फाइल. डिस्क तुटली-जुळली की तारखा कधीकधी बिघडतात काका."

हे बोलताना तिला स्वतःलाच ते पटलं. कॉम्प्युटर काय काय करतो याची तो आपली आपण नोंद ठेवतो. ती नोंद तिने उघडली, सवयीने. शनिवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी कॉम्प्युटर झोपला, डिस्क सुटली. एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी उठला, डिस्क जुळली.

तिने फाइलची लांबी पाहिली. एक्केचाळीस मिनिटं.

योगायोग काय, पावलापावलाला असतात. पण सुटलेली डिस्क म्हणजे सुटलेली डिस्क. त्या एक्केचाळीस मिनिटांत तिच्यावर अक्षर लिहायला या घरात काहीही जोडलेलं नव्हतं.

"डिस्क दुकानात नेऊन तपासते," ती म्हणाली.

ग्रंथपालांनी डिस्कवर हात ठेवला, अंगणातून मूल उचलायला कोणी आल्यासारखा. मग काढला. "उद्या परत आणाल ना?"

३

दुकानात डिस्क शहाण्या मुलासारखी वागली. सगळ्या तपासण्या पार. वायरताईने आपला कॉम्प्युटर मुद्दाम झोपवला, डिस्क सुटली. जेवणाचा डबा घेऊन ती शेजारच्या शिंप्याकडे गेली, गप्पा मारत जेवली. परत येऊन कॉम्प्युटर उठवला. डिस्क जुळली. तेरावी फाइल नव्हती.

"साप साप म्हणून भुई धोपटतेय मी," ती स्वतःशी म्हणाली आणि हेडफोन चढवला. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती, समोर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. कामात काम म्हणून आधी अकरावं प्रकरण लावलं.

ऐकवत नव्हतं. दर स्वल्पविरामाला बाई श्वास ओढायच्या, तो घशात अडकायचा, मग शब्द. पण वाक्याचा तोल कुठे जात नव्हता. पडद्यावर आवाजाची रेघ दिसत होती: शब्दांचे डोंगर आणि त्यांच्यामधे श्वासांच्या टेकड्या.

मग बारावं.

तीन-चार मिनिटं ती नुसतीच ऐकत राहिली. छान वाचन. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. नवं दार बसवलं की कसं घर आपलं वाटत नाही, तसं. तिने रेघ मोठी करून पाहिली.

डोंगर होते. टेकड्या नव्हत्या.

एका शब्दाचा शेवट आणि पुढच्या शब्दाची सुरुवात यांच्यामधे रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. पूर्ण एक्केचाळीस मिनिटं ती पुढे सरकवत गेली. वाचणारीने एकदाही श्वास घेतला नव्हता.

हल्ली श्वास पुसून टाकणारे प्रोग्रॅम असतात. बाईंनी वापरला असेल. आजाराची लाज वाटली असेल. कारणं भराभर सुचत गेली. तरी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला तो जरा लांबच.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून घरी आला की त्याला कशाचंच नवल वाटत नसे.

"झोपल्यावर बडबडत असेल डिस्क," तो म्हणाला. "तूसुद्धा बडबडतेस. मी कधी तपासायला नेलंय का तुला?"

ती हसली. पण उशीवर डोकं टेकल्यावर आपण श्वास मोजतोय हे तिच्या लक्षात आलं.

४

शनिवारी सकाळी तिने डिस्क नव्या डब्यात बसवून परत नेली. स्वतःची वीज घेणारा डबा. आता कॉम्प्युटर झोपो की उठो, डिस्क सुटणार नाही.

ग्रंथपाल जोडणी बघत उभे राहिले. तिचं आवरत आलं तसे म्हणाले, "एवढं पक्कं करू नका."

"म्हणजे?"

"तुमच्यापासून काय लपवायचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तुम्ही सोमवारी गेलात, त्याच रात्री मला ती फाइल दिसली, आणि झोपायची सेटिंग मी परत चालू केली. मला आवाज हवा होता तिचा. पण काही आलं नाही. मग वाटलं, आपण खोलीत नसतो म्हणून येत नसेल. त्या शनिवारी मला या स्टुलावरच डुलकी लागली होती." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "ताई, आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. तिने आयुष्यात एक पुस्तक अर्धं सोडलं नाही. कितीही कंटाळवाणं असो. म्हणायची, कोणीतरी ऐकायला बसलंय, त्याला मधे सोडून कसं उठायचं?"

"काका, त्या फाइलमध्ये श्वास नाहीये."

"माहितीये मला." ते इतक्या सहज म्हणाले की ती चपापली. "मी त्रेचाळीस वर्षं तो श्वास ऐकलाय. नाही हे मला कळणार नाही? पण श्वासावाचून का होईना, वाचतेय ना. चार प्रकरणं राहिलीत. तेवढी होऊ द्या."

तिला खरंतर डिस्क उचलून चालू पडायला हवं होतं. पण समोर सत्तरी ओलांडलेला माणूस हात जोडून उभा होता, आणि मागितलेली गोष्ट एका टिचकीची होती. शिवाय तिच्या व्यवहारी डोक्याने सांगितलं, काही होणारच नाहीये. चार दुपारी बसतील, कंटाळतील, सुटतील.

तिने जुना डबा परत लावला. झोपायची वेळ दहा मिनिटांवर ठेवली. निघताना ग्रंथपालांनी लेकीचा नंबर तिच्या हातात दिला. "परगावी असते. कधी लागला तर असू दे."

५

लेकीचाच फोन आला, पुढच्या बुधवारी.

"तुमचा नंबर बाबांनीच दिला होता. ताई, तुम्ही जवळ राहता ना? ते फोनवर धापा टाकतात. शेजाऱ्यांनी डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. मला परवाची गाडी मिळालीय. तोवर जरा डोकावून याल?"

दार उघडायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. पाच दिवसांत माणूस निम्मा झाला होता. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या आणि बोलणं तीन-तीन शब्दांच्या हप्त्यांनी येत होतं. डोळे मात्र लग्नघरातल्यासारखे.

"या, या. तुम्हालाच... सांगणार होतो. श्वास आला."

"कोणाचा?"

त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. फोल्डरमध्ये पंधरा फाइली होत्या. त्यांनी पंधरावी लावली.

बाईंचा तोच आवाज. पण आता वाक्यांमधे श्वास होता. आधी एक छोटी ओढ, मग जराशी शिट्टी, मग सोडताना मधेच तुटलेला. वायरताई ऐकत राहिली. शेजारी ग्रंथपाल उभे होते. ते श्वास घेत होते. छोटी ओढ, शिट्टी, मधेच तुटणं.

तिने फाइल थांबवली. शेजारचा श्वास तसाच चालू राहिला. बोट हलवून काही बंद करावं अशी सोय त्याला नव्हती.

"काका, हा बाईंचा श्वास नाही. तुमचा आहे."

"मग काय झालं? शेवटी शेवटी तिला... पुरत नव्हता. तेव्हा देता आला असता तर... तेव्हाच दिला असता."

ती पुढे झाली आणि तिने डिस्कची वायर उपटली. मग भिंतीतला प्लगही. निळा दिवा विझला. तिने डिस्कवर तळहात ठेवला. आतली चकती गरगरत होती. वीज गेली तरी चकती लगेच थांबत नाही, पाच-सहा सेकंद फिरते, हे तिला पाठ होतं. तिने मोजलं. सहा. दहा. पंचवीस. चाळिसाव्या आकड्याला तिने हातच काढून घेतला.

"एकच राहिलंय," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून वायर घेतली, हळू, एकेक बोट सोडवत. "लेक येतेय परवा. ती आली की... मग हे जमायचं नाही. उद्या दुपारी शेवटचं. मग घेऊन जा तुम्ही. शाळेलाही देऊन टाका. माझा शब्द."

ती भांडली. डॉक्टरांचं नाव घेतलं, लेकीचं घेतलं, रागावली, शेवटी रडकुंडीला आली. पालथ्या घड्यावर पाणी. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी अगदी सभ्यपणे, वाचनालयाची वेळ संपली हे सांगावं तसं, तिला घरी जायला सांगितलं.

जिन्यातून तिने लेकीला फोन केला. "उद्याच निघता येतंय का बघा." कारण विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांना एकटं ठेवू नका."

६

गुरुवारी दुपारी दुकान अर्धं बंद करून ती गेली. दीड वाजत होता. जिन्यात ऊन होतं, कोणाच्या तरी घरात भांडी घासली जात होती. ग्रंथपालांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"काका?"

पुढच्या खोलीत घड्याळ चालत होतं. मागच्या खोलीचं दार तिने ढकललं तसा घड्याळाचा आवाज मागे बुडाला.

पडदा काळा होता. कॉम्प्युटर झोपला होता, डिस्क सुटलेली असणार. पण डिस्कचा निळा दिवा भरभर उघडझाप करत होता, काहीतरी लिहिलं जात असताना करतो तसा.

ग्रंथपाल स्टुलावर बसले होते, ताठ, हात मांडीवर. डोळे उघडे, समोरच्या खुर्चीकडे लागलेले. तोंड किंचित उघडं. त्यातून आवाज निघत नव्हता. पण छाती हलत होती, आणि ती कशी हलत होती हे पाहून वायरताई उंबऱ्यावरच थांबली. झोपलेल्या माणसाचा श्वास सारखा असतो. घाबरलेल्याचा उथळ असतो. हा तसला नव्हता. भरकन आत, मग हळूहळू, वेगवेगळ्या मापांनी बाहेर. इथे थोडासा थांबा. इथे लांब. मोठ्याने वाचणाऱ्या माणसाचा श्वास होता तो. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद.

खुर्चीकडे बघायचं नाही असं ती स्वतःला सांगत होती. टेबलावर पुस्तक शेवटच्या पानांपाशी उघडं होतं. खुर्ची रिकामी होती. फक्त तिची मऊ गादी मधोमध दबलेली होती, खोल.

तिने हाक मारली का, त्यांचा खांदा धरला का, हे तिला पुढे कधीच नीट आठवलं नाही. एवढंच आठवलं की कॉम्प्युटर उठवला की हे थांबेल असं तिला वाटलं, आणि तिने माउस हलवला.

पडदा उजळला. डिस्क जुळल्याचा टिंग असा आवाज झाला. ग्रंथपालांची छाती अर्ध्यावर होती, श्वास आत घेताना. ती तिथेच राहिली.

वायरताईने त्यांना जमिनीवर निजवलं. छाती दाबली, ओरडली, शेजारी धावत आले. या सगळ्या धांदलीत तिची नजर एकदा वर गेली. खुर्चीची गादी हळूहळू फुगत होती, दबलेला स्पंज कोणी उठल्यावर वर येतो तशी.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय होतं. तुम्ही आलात तेव्हा काय अवस्था होती? ती म्हणाली, असेच पडले होते. आणखी काही ती बोलली नाही.

७

लेक पस्तिशीची, सरळ नाकासमोर चालणारी बाई होती. सगळं उरकल्यावर आठव्या दिवशी तिने वायरताईला बोलावलं. शाळेची डिस्क द्यायची होती. तीनशे अकरा पुस्तकं वायरताईने एका सकाळी, लेकीच्या देखत, एकदाही न थांबता उतरवून दिली. काळी डिस्क काढून ती पिशवीत घालणार तोच लेक म्हणाली, "थांबा. एक अर्धं आहे ना? बाबा फोनवर सांगायचे, आई पूर्ण करतेय म्हणून. मला वाटायचं, भ्रम झालाय त्यांना."

"फाइल बिघडलीय ती."

"असू दे बिघडलेली."

आईबापांचा आवाज लेकीला ऐकू न देणारी तिऱ्हाईत आपण कोण, असं वायरताईला वाटलं. आणि दिवस उजेडाचा होता, दोघी जाग्या होत्या, कॉम्प्युटर जागा होता. तिने सोळावी फाइल लावली. सव्वीस मिनिटं. लेक स्टुलावर बसून ऐकत होती. आईचा आवाज ओळखून तिचे डोळे भरले. त्यातला श्वास ओळखून तिने पदर तोंडाला लावला. शेवटी आवाज म्हणाला, "टपालमास्तरांनी दार लोटलं, आणि," आणि फाइल संपली.

लेकीने पुस्तक ओढून घेतलं. पुढे अर्धंच पान होतं.

"एवढ्यासाठी राहिलं?" ती म्हणाली. "अर्ध्या पानासाठी?" तिने माईक चालू केला, वाचायला लागली आणि दुसऱ्याच शब्दाला अडली. पुस्तक तिने वायरताईपुढे धरलं. "तुम्ही वाचा. शेवट होऊ दे त्यांचा."

वायरताईने उभ्यानेच वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं, चुकत, पण पूर्ण. "...आणि आत कोणीच नसल्यासारखं हळूच विचारलं, 'पत्र आणलंय, घेता ना?'" त्यापुढची चार वाक्यं. पूर्णविराम.

पडद्यावर आवाजाची रेघ पुढे सरकत होती. शब्दांचे डोंगर संपले होते. आता टेकड्या येत होत्या. एक. मग एक. गोल, सावकाश, सारख्या. वायरताईने आपला श्वास रोखला. टेकड्या येतच राहिल्या. तिने माईकची वायर काढून हातात घेतली.

टेकडी आली. पुन्हा आली.

"थांबवू नका," लेक म्हणाली. तिच्या छातीचं वर येणं आणि रेघेचं वर येणं एकाच वेळी होत होतं. तिचे डोळे खुर्चीकडे लागले होते.

या वेळी वायरताईने दया केली नाही. आधी लेकीला दोन्ही खांद्यांना धरून स्टुलावरून ओढलं, खोलीच्या बाहेर, उंबऱ्यापलीकडे काढलं, आणि मग परत येऊन डिस्क वायरीसकट उपटली. पलीकडे लेक भिंतीला टेकून बसली होती. तोंड उघडं, छाती स्तब्ध. वायरताईने तिच्या पाठीत दणके घातले. एक, दोन, पाच. आणि मग श्वास आला, मोठा, फाटका, आवाजासकट.

वायरताई तिथेच फरशीवर बसली. हसू येतंय की रडू हे तिला कळेना. वाचली. एवढं एक तरी नीट झालं.

लेकीने तोंडावरून हात फिरवला. मग शांतपणे म्हणाली, "अर्धंच पान राहिलं होतं. तेवढं होऊ द्यायचं होतंत. त्यांनी श्वास घेतला होता, पुढचं वाक्य यायचं होतं, आणि तुम्ही माउस हलवलात."

वायरताईने हे कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच.

"तुम्हाला कोणी..." ती म्हणाली. लेक तिच्याकडे बघतच नव्हती. ती उघड्या दारातून आत, खुर्चीकडे बघत होती, आणि कोणाचं तरी बोलणं ऐकावं तशी मधून मधून मान डोलवत होती.